कमी पैशात सपाट टीव्ही कसा निवडावा?



मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत चित्र आले ते १९८२ साली. त्या वेळचा संच म्हणजे मोठी पेटी, तिच्या पोटात काचेची जड नळी. पेटी उचलायला दोन माणसे लागत. आता नळी गेली, पेटीही गेली. टीव्ही भिंतीवरच्या फोटोसारखा सपाट झाला.

असा टीव्ही आणायला आपल्याकडचा माणूस दुकानात केव्हा जातो? कांद्याची पट्टी हातात पडली, नाहीतर दुधाचा हिशेब झाला की. पण त्याच पैशातून बियाणे, खत, दवाखाना आणि आपली दप्तरेही भागवायची असतात. टीव्हीवर चार हजार जास्त गेले तर ते कशातून तरी कमी होतातच. म्हणून हा लेख.

माझे मामा तालुक्याला टीव्ही दुरुस्त करतात. सुट्टीत मी त्यांच्या दुकानात बसून पुष्कळ प्रश्न विचारले. काही गोष्टी त्यांनी सांगितल्या, काही मी स्वतः टेप घेऊन मोजल्या.

इंच म्हणजे काय?

३२ इंची टीव्ही म्हणजे ३२ इंच रुंद असे बऱ्याच जणांना वाटते. तसे नाही बरं का! पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत जे अंतर, ते ३२ इंच. आपण सातवीत शिकतो तो हा कर्ण. पडद्याची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण १६ ला ९ असते. त्यामुळे ३२ इंची पडदा सुमारे २८ इंच रुंद आणि १६ इंच उंच भरतो. २८ चा वर्ग आणि १६ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढा, जवळजवळ ३२ येते.

४३ इंची पडदा सुमारे साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच असतो. आता क्षेत्रफळ काढा. इंच वाढले अकराच, पण पडदा पावणेदोन पटीपेक्षा थोडा जास्तच मोठा झाला. दुकानात हे पाहून माणूस भुलतो. दुकान मोठे, भिंत उंच, तिथे ३२ इंची टीव्ही बिचारा पाटीएवढा दिसतो. तोच घरी आणला की भिंत भरून जाते.

म्हणून निघण्यापूर्वी घरात टेप लावा. भिंतीपासून आपण जिथे बसतो, जेवतो तिथपर्यंत किती फूट? आपल्याकडे पुष्कळ घरांत पुढची खोली दहा बाय दहाची. त्यात कपाट आणि धान्याची कणगी वजा केली तर सहा-सात फूट उरतात. एवढ्या अंतराला ३२ इंची टीव्ही पुरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या आण्णांचे मत वेगळे आहे, ते सोडा.

ठिपक्यांची रांगोळी

टीव्हीचे चित्र रांगोळीसारखे ठिपक्यांचे बनते. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन बारीक भाग असतात. त्यांच्या कमीजास्त उजेडातून सगळे रंग तयार होतात. भिंग घेऊन पाहा, दिसतात.

टीव्हीच्या खोक्यावर 'एचडी रेडी', 'फुल एचडी', 'फोर के' असे छापलेले असते. तो ठिपक्यांचाच हिशेब आहे. एचडी रेडीमध्ये बहुधा आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके, म्हणजे साडेदहा लाखांच्या जवळपास. फुल एचडीत १९२० आणि १०८०, म्हणजे वीस लाखांवर. फोर केमध्ये ३८४० आणि २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख! ज्यांना मोठे गुणाकार आवडत नाहीत त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा.

साहजिकच वाटते की ८३ लाखवाला उत्तम. पण थांबा. आपल्या घरी चित्र येते कुठून? पुष्कळांकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे. छत्री आणि पेटी एकदा घेतली की दरमहा पैसे नाहीत. सह्याद्री वाहिनी दिसते, डीडी किसान दिसते, अभ्यासाच्या पीएम ई-विद्या वाहिन्याही दिसतात. या डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या चित्राच्या असतात. साध्या चित्रात आडवे फार तर ७२० आणि उभे ५७६ ठिपके, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतच. मग टीव्ही ८३ लाखांचा असून उपयोग काय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

उलट थोडा तोटाच होतो. पंधरा ठिपक्यांची रांगोळी लहान पाटावर ठसठशीत दिसते. तेवढेच ठिपके अख्ख्या अंगणात पसरले तर रेषा विरळ होतात. साधे चित्र ४३ इंचांवर पसरले की तसेच होते. चेहरे पुसट आणि अक्षरांच्या कडा धुरकट दिसतात. माणसे म्हणतात, "नवा टीव्ही खराब निघाला." टीव्ही खराब नसतो, चित्रच तेवढे असते.

आपल्या डोळ्यालाही मर्यादा आहे. ३२ इंची एचडी रेडी पडद्यापासून सुमारे सहा फुटांवर बसले की चांगल्या नजरेलाही त्याचे ठिपके वेगळे दिसत नाहीत. मग त्याहून बारीक ठिपक्यांसाठी जादा पैसे कशाला द्यायचे? ज्यांची खोली मोठी आहे, घरी चांगले इंटरनेट आहे किंवा एचडी वाहिन्यांचे पैसे भरायची तयारी आहे, त्यांनी ४३ इंची जरूर घ्यावा, आणि तो फुल एचडी तरी असावा.

दुकानात उकिडवे बसा

हे ऐकून तुम्ही हसाल, पण मामांनी सांगितलेली ही सगळ्यांत कामाची गोष्ट आहे.

आपण टीव्ही टांगतो दाराच्या वर, लहान पोरांचा हात लागू नये म्हणून. आणि बसतो खाली चटईवर. शिवाय घरात सात माणसे असली तर दोघेतिघेच समोर, बाकीची कडेला. म्हणजे आपण टीव्ही खालून आणि बाजूने पाहणारी माणसे. दुकानात मात्र उभे राहून, अगदी समोरून पाहतो.

काही स्वस्त पडदे असे असतात की समोरून झकास, पण खालून पाहिले की चित्र काळवंडते, गोरा माणूस सावळा होतो. काही पडद्यांचा रंग बाजूने फिकट पडतो. पडद्याच्या जातीमुळे हा फरक पडतो. 'आयपीएस' जातीचा पडदा बाजूने चांगला दिसतो. 'व्हीए' जातीचा काळा रंग गडद दाखवतो, पण बाजूने जरा फिका पडतो. नावे लक्षात राहिली नाहीत तरी हरकत नाही. दुकानात सरळ खाली बसून वर पाहावे, मग डाव्या-उजव्या कोपऱ्यात जाऊन पाहावे. दुकानदार हसला तर हसू दे, पैसे आपले आहेत.

दुसरे असे की दुकानात लावलेले चित्र मुद्दाम बनवलेले असते. पोपट, फुले, धबधबे! उजेडही भडक ठेवलेला असतो. म्हणून पेन ड्राइव्हवर आपल्याकडच्या एखाद्या लग्नाचे नाहीतर स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण न्यावे आणि तेच लावायला सांगावे. ओळखीचा चेहरा खरा दिसतो की लालभडक, ते लगेच कळते. आवाजही ऐकून घ्यावा. सपाट टीव्हीचे स्पीकर लहान असतात, आणि पत्र्याच्या घरात पावसाळ्यात आधीच काही ऐकू येत नाही.

पडद्यामागचा दिवा

एलईडी टीव्हीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. मागे किंवा कडेला बारीक दिव्यांच्या पट्ट्या असतात. पुढचा पडदा त्यांचा उजेड कुठे अडवतो, कुठे सोडतो. हे दिवे गेले की आवाज येतो पण चित्र दिसत नाही.

मामांच्या दुकानात एक आजोबा असाच टीव्ही घेऊन आले होते. पडदा गेला, भंगारात किती येतील, असे विचारत होते. मामांनी टीव्ही चालू करून काळ्या पडद्यावर बॅटरीचा झोत टाकला, तर आत बातम्या देणारी बाई अंधुक दिसली! म्हणजे पडदा शाबूत होता, मागचे दिवे तेवढे गेले होते. पट्ट्या बदलल्या, टीव्ही सुरू झाला.

पण पडद्यालाच तडा गेला तर मात्र कठीण. नवा पडदा टाकायचा खर्च पुष्कळदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. आणि चेंडू लागून फुटलेला पडदा साध्या गॅरंटीत बसत नाही. क्रिकेट अंगणात खेळावे.

घरी आणल्यावर मागच्या दिव्याचा उजेड थोडा कमी ठेवावा. दिवे कमी तापतात, जास्त टिकतात आणि वीजही वाचते. ३२ इंची टीव्हीला साधारण ३० ते ५५ वॅट लागतात. ५० वॅटचा टीव्ही रोज चार तास चालला तर महिन्याला किती युनिट? ५० × ४ × ३० = ६०००, भागिले १०००, म्हणजे ६ युनिट. टीव्हीवर ताऱ्यांचे लेबल असते, त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. तारे मोजण्यापेक्षा तो आकडा वाचावा.

स्मार्ट की साधा?

स्मार्ट टीव्ही म्हणजे आत लहान संगणक असलेला टीव्ही. त्याला इंटरनेट लागते. मोबाइलवरून जोडले तर चांगल्या चित्राला तासाला एक ते तीन जीबी जातात. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर पिक्चर मध्यंतरालाच संपेल! स्वस्त स्मार्ट टीव्हीतला संगणकही अशक्त असतो. दोन-तीन वर्षांत तो अडखळू लागतो. साध्या टीव्हीला एचडीएमआयची खाच असली की पुढे कधीही छोटी स्टिक लावून तो स्मार्ट करता येतो. जुन्या डिशच्या पेटीला पिवळी-लाल-पांढरी वायर असेल तर तिची जागा नव्या टीव्हीला आहे का, हेही विचारावे. नाहीतर घरी आल्यावर परत फेरी.

वीज आणि गडगडाट

आपल्याकडे लाइट जाते-येते, आणि परत येताना झटका देते. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर किती व्होल्ट चालतात ते लिहिलेले असते. त्यातला खालचा आकडा जितका कमी तितके बरे. लाइट गेली की बटण बंद करावे. वळवाच्या पावसात गडगडू लागले की नुसता प्लग काढून भागत नाही. छतावरच्या छत्रीची वायरसुद्धा पेटीतून काढावी, कारण विजेचा झटका त्या वाटेनेही येतो. पहिला गडगडाट दुरून ऐकू आला की लगेच काढावी, वीज डोक्यावर आली की हात लावू नये.

किंमत, हप्ता आणि बिल

खोक्यावरची छापील किंमत पाहून "निम्म्यात मिळाला" असे म्हणू नये, त्या किमतीला तो कुणीच विकत नाही. दोन-तीन दुकानांत विचारून खरा भाव काढावा. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या टीव्हीवर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. तेव्हा मोठ्या टीव्हीचा जुना भाव कुणी सांगितला तर नीट विचारावे.

हप्त्याचा हिशेब वहीत करावा. समजा टीव्ही १२,००० रुपयांचा. आधी २,००० भरा, मग १,१०० चे दहा हप्ते, आणि कागदपत्रांचे ५०० वेगळे. बेरीज १३,५०० झाली. पाटीवर "व्याज नाही" लिहिले असले तरी दीड हजार गेलेच ना? आई-वडिलांना ही बेरीज आपण करून द्यावी. आपल्याला तेवढे येते.

आमच्या वस्तीवर एका घरी गाडीवरून विकायला आलेला टीव्ही घेतला होता. नाव मोठ्या कंपनीसारखेच, फक्त एक अक्षर वेगळे. दोन महिन्यांत बंद पडला. बिल नव्हते आणि गाडीवाला पुन्हा दिसला नाही. त्या घरच्या ताईचे कॉम्प्युटर क्लासचे पैसे त्यात गेले.

म्हणून पक्के बिल घ्यावे. त्यावर टीव्हीचा नंबर लिहिलेला असावा आणि तो टीव्हीच्या मागच्या नंबराशी जुळवावा. तिथेच भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असतो, तो पाहावा. "बिल नको, स्वस्त देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. आणि विचारावे, दुरुस्तीचा माणूस कुठून येणार, तालुक्याहून की थेट पुण्याहून? गावापर्यंत येण्याचे वेगळे पैसे घेणार का? मामा म्हणतात, दोन टीव्ही सारखे वाटले तर ज्याचे सर्व्हिस सेंटर जवळ तो घ्यावा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार सांगता येते.

टीव्ही घरी आला की दुकानाचा किंवा कंपनीचा माणूस समोर असतानाच खोके उघडावे. मोटारसायकलवर आडवा धरून आणलेल्या पडद्याला तडा गेलेला असू शकतो. तेव्हा चालू करून चारही कोपरे पाहावेत, मगच सही करावी. खोके आणि आतला थर्माकोल लगेच चुलीत घालू नये. टीव्ही बदलून घ्यायची वेळ आली तर तो त्यातच घालून परत न्यावा लागतो.