विश्लेषण : गावातून दिलेल्या ऑनलाइन रिपोर्टची गुप्तता कोण राखणार?

बारामती-इंदापूर रस्त्यावरील लासुर्णेसारख्या गावातील रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यासाठी आता दर वेळी पुणे गाठण्याची गरज उरलेली नाही. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेत आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाची माहिती भरतात आणि दुसऱ्या टोकाचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर सल्ला देतात. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने ही प्रणाली तयार केली असून ती २०१९ पासून सुरू आहे.

अशा सेवांमधील नोंदी क्लाऊडवर, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर राहतात. भवानीनगर कारखान्याच्या हंगामासाठी येणाऱ्या ऊसतोड कामगारांना तर याचा मोठा उपयोग. कागदी फाइल कोपीत भिजते, हरवते. ऑनलाइन नोंद पुढच्या गावीही उघडता येते. पण कोणाला?

महाराष्ट्र सर्वाधिक उघडा

जर्मनीतील ‘ग्रीनबोन नेटवर्क्स’ या कंपनीचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये चर्चेत आला. भारतीय रुग्णांचे एक्स-रे, सीटी स्कॅन इंटरनेटवर उघडे पडल्याचे त्यात म्हटले होते. यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता : ३ लाख ८ हजारांहून अधिक नोंदी आणि जवळपास ७ कोटी प्रतिमा. यासाठी हॅकिंग करावेच लागले नव्हते. प्रतिमा साठवणाऱ्या सर्व्हरना साधा पासवर्डही नव्हता.

त्याआधी, डिसेंबर २०१६ मध्ये, मुंबईतील एका पॅथॉलॉजी लॅबचे ४३ हजारांहून अधिक रिपोर्ट असेच उघड्यावर सापडले. त्यात एचआयव्ही चाचण्यांचेही रिपोर्ट होते. बँकेचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो, आजाराचे नाव फुटले तर काय बदलणार? लहान गावात तर अशी बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते.

कुलूप आहे, किल्ली कुठे?

माहिती पाठवताना आणि साठवताना ती सांकेतिक रूपात बदलली जाते. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. मात्र एकच लॉगिन चौघांनी वापरले किंवा रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर एन्क्रिप्शन काही करू शकत नाही. म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतंत्र लॉगिन, त्यावर ओटीपी आणि कोणी कोणती नोंद कधी उघडली याची आपोआप होणारी नोंद आवश्यक ठरते. बॅकअप वेगळ्या ठिकाणी हवा. नोव्हेंबर २०२२ मधील सायबर हल्ल्यात दिल्लीच्या ‘एम्स’चे पाच सर्व्हर बाधित झाले आणि कामकाज अनेक दिवस कागदावर करावे लागले.

रुग्णाने काय पाहावे?

१४ अंकी ‘आभा’ क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी पाहण्यासाठी रुग्णाची संमती लागते. कोणत्या नोंदी, किती काळासाठी, हे वाचूनच ‘मंजूर’ दाबावे. दिलेली संमती ॲपमधून मागेही घेता येते. फोनवर कोणी ‘आभा’चा ओटीपी मागितल्यास देऊ नये. फसवणूक झाल्यास १९३० ही हेल्पलाइन आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संस्थांवरील मुख्य बंधने लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत देण्यात आली आहे.