व्हिक्टोरिया राणी आणि मराठवाडा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हिक्टोरिया राणी 1837 मध्ये गादीवर आली आणि 1901 मध्ये मृत्यूपर्यंत राज्य करत राहिली. नांदेड-लातूरची मुलं तिच्या काळाचा जो इतिहास पाठ करतात, तो बहुतांशी पुण्या-मुंबईचा असतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेला काळ वेगळा होता. म्हणून काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : नांदेड आणि लातूर राणीच्या राज्यात होते.
वस्तुस्थिती : 1 नोव्हेंबर 1858 च्या जाहीरनाम्याने ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार राणीच्या नावे झाला, पण तो कंपनीच्या मुलखापुरता. संस्थानिकांशी झालेले करार पाळू, असं वचन त्याच जाहीरनाम्यात होतं. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. नांदेडवर निजामाचा अंमल होता. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हा बीदर जिल्ह्यात मोडत. नाणं हाली सिक्का, कायदे संस्थानाचे आणि 1880 च्या दशकापासून कचेरीची भाषा उर्दू. शेजारच्या धाराशिव-नळदुर्गचा अपवाद आहे. 1853 च्या तहाने तो मुलूख इंग्रजांकडे गेला आणि 1860 मध्ये परत निजामाकडे आला.

गैरसमज : मग निजाम पूर्ण स्वतंत्र होता.
वस्तुस्थिती : हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट बसे. हिंगोलीच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिन्जंट होती. या फौजेच्या खर्चापायीच वऱ्हाड निजामाच्या हातून गेला. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा निजाम मीर महबूब अली खान तिथे हजर होता. त्याच वेळी दख्खनची रयत भीषण दुष्काळात होरपळत होती. आपल्या माणसांच्या डोक्यावर एक नव्हे, दोन सत्ता होत्या.

गैरसमज : हिंदुस्थानचे सगळे निर्णय राणी स्वतः घेई.
वस्तुस्थिती : राणी सल्ला देई, आग्रह धरी; धोरण मात्र लंडनचं मंत्रिमंडळ, भारतमंत्री आणि व्हाइसरॉय ठरवत. ती भारतात कधीच आली नाही. उतारवयात तिने आपले भारतीय सेवक अब्दुल करीम यांच्याकडून उर्दूचे धडे घेतले, पण त्या जिव्हाळ्याने इथला शेतसारा कमी झाला नाही.

गैरसमज : आपल्याकडची रेल्वे ही राणीची देणगी.
वस्तुस्थिती : मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारा मार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाचा हा मार्ग निजाम सरकारच्या मालकीचा होता. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी पोचली ती 1911 मध्ये, राणीच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. ती कंपनी इंग्रज होती, पण खासगी.

गैरसमज : 15 ऑगस्ट 1947 रोजी आपणही स्वतंत्र झालो.
वस्तुस्थिती : त्या दिवशी इंग्रज गेले, निजाम राहिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली इथल्या माणसांनी लढा पुढे चालवला आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद मुक्त झालं. पुढच्या घडणीतही हा फरक दिसतो. मुंबई विद्यापीठ 1857 चं. नांदेडचं पीपल्स कॉलेज मुक्तीनंतर, 1950 मध्ये उभं राहिलं. भारतीय दंड संहिता 1860 ची. ती आपल्याला लागू झाली 1951 मध्ये.

मराठवाडा मागे का राहिला, हा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचं उत्तर शोधताना इंग्रजी राजवटीचा सरसकट हिशेब मांडला, तर तो चुकतो. इथे साम्राज्याचा भार पोचला. विद्यापीठं, छापखाने, सुधारणांची चळवळ मात्र उशिरा पोचली. नांदेड-लातूरच्या शाळांतून हा इतिहास वेगळा शिकवला गेलाच पाहिजे. 17 सप्टेंबरला झेंड्यापुढे उभ्या राहणाऱ्या मुलांना तो दिवस आपल्याला वेगळा का मिळाला, हे कळण्याचा हक्क आहे.