कचेरीचे यांत्रिकीकरण आणि नगरचा जुना धडा

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण कोणा पंडिताने रचलेली नाही; ती कचेरीच्या बाहेरील बाकावर बसून जन्माला आली आहे. ही म्हण आता लवकरच कालबाह्य होणार, असे आश्वासन संगणक-व्यवसायातून गेली काही वर्षे दिले जात आहे. आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण नसलेल्या सामान्य कर्मचाऱ्यालाही आपले रोजचे ठराविक काम यंत्राकडे सोपविता येईल, अशी साधने आज उपलब्ध आहेत. त्यांना ‘लो-कोड’ साधने म्हणतात. मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवर ऑटोमेट’ किंवा झोहो या भारतीय कंपनीचे ‘क्रिएटर’ ही त्यांपैकी काही नावे. महाविद्यालयांच्या कार्यालयांत, पतसंस्थांत आणि सरकारी कचेऱ्यांत ती हळूहळू येऊ लागली आहेत. अशा वेळी त्यांचे स्वागत करावे की त्यांना विरोध करावा, एवढ्यापुरतीच चर्चा मर्यादित राहते. वस्तुतः विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे.

प्रथम या साधनांचे स्वरूप पाहू. एखाद्या शाळेतील शिक्षकाने रजेचा अर्ज केला, की तो मुख्याध्यापकांकडे जातो. मंजुरी मिळाली की लिपिक त्याची नोंद रजेच्या पुस्तकात करतो, हजेरीपटात करतो, वेतन देयक करताना पुन्हा पाहतो आणि अर्जदाराला कळवितो. एकच मजकूर चार ठिकाणी उतरविला जातो. नव्या साधनात लिपिक पडद्यावर चौकटी मांडतो आणि त्या बाणांनी जोडतो: ‘अर्ज आला की मुख्याध्यापकांना कळव, मंजूर झाला की या तक्त्यात नोंद कर, शिल्लक रजा कमी कर, अर्जदाराला संदेश धाड.’ एकदा ही मांडणी झाली, की पुढील प्रत्येक अर्जाला ती आपोआप लागू होते. येथे यंत्र बुद्धीचे काम करीत नाही. ते केवळ नकलनविशीचे काम करते. आपल्या कचेऱ्यांतील श्रमाचा फार मोठा भाग नकलनविशीतच खर्च होतो, म्हणून या गोष्टीला महत्त्व आहे.

यंत्रावाचून झालेला प्रयोग

या संदर्भात अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला, एक विशेष वारसा आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत येथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हा कचेरीच्या कामकाजाची जी पुनर्रचना केली, ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर प्रसिद्ध झाली. त्या प्रयोगात संगणक नव्हता. होती ती केवळ कामाची शिस्तशीर तपासणी. वर्षानुवर्षे साचलेले कागद छाटण्यात आले. जे ठेवावयाचे ते हुडकताच हाती लागेल अशा रीतीने लावण्यात आले. कर्मचाऱ्यांची बैठक-व्यवस्था बदलण्यात आली. आणि कोणते काम कोणी, कोणत्या क्रमाने करावयाचे हे लेखी ठरविण्यात आले.

या प्रयोगामागील विचार साधा, पण मूलगामी होता. विलंब हा माणसाच्या आळसातून जितका उद्भवतो, त्याहून अधिक तो अव्यवस्थेतून उद्भवतो. जो कागद सापडतच नाही त्यावर कोणी निर्णय कसा द्यावा? महसूल कचेऱ्यांतील ज्येष्ठ लिपिकांना ‘सहा गठ्ठे’ पद्धत पाठ असते. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद असे ते सहा गठ्ठे. त्याचप्रमाणे अभिलेखांचे वर्गीकरण: ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवावयाचा, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षे आणि ‘ड’ वर्गाचा केवळ एक वर्ष. आज लो-कोड साधनांच्या पुस्तिकांत ‘कामाचा प्रवाह आखा, टप्पे ठरवा, अनावश्यक टप्पे गाळा’ असा जो उपदेश असतो, तो या दप्तर-शिस्तीहून तत्त्वतः वेगळा नाही. यंत्राच्या आधी पद्धत येते, हा नगरचा जुना धडा आहे. पद्धत न सुधारता यंत्र आणले, तर गोंधळ तोच राहतो. फक्त त्याचा वेग वाढतो.

सातबाऱ्याची साक्ष

हा धडा किती खरा आहे, याची साक्ष सातबाऱ्याचा संगणकीय प्रवास देतो. पूर्वी जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदले गेले, की त्याची वर्दी कागदाने तहसील कचेरीत व तेथून तलाठ्याकडे जात असे. तलाठी गाव नमुना सहामध्ये फेरफार लिही, हितसंबंधितांना नोटिसा काढी, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत देई आणि मंडल अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावर सातबाऱ्यावर हाताने अंमल देई. या साखळीतील कोणतीही कडी अडली, की शेतकऱ्याची पायपीट सुरू होत असे. आणि कडी मोकळी करण्याची ‘किंमत’ही ठरलेली असे. ‘ई-फेरफार’ पद्धतीत नोंदणी झालेल्या दस्ताची माहिती संगणकावरूनच महसूल खात्याकडे जाते व मंडल अधिकाऱ्याच्या प्रमाणनानंतर सातबारा आपोआप अद्ययावत होतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळू लागला. केवळ उताऱ्याच्या नकलेसाठी तलाठ्याला गाठण्याची गरज त्यामुळे उरली नाही. हा लाभ लहान नव्हे.

तथापि, या लाभाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हस्तलिखित सातबारे संगणकात उतरविताना नावांत, क्षेत्रांत आणि हिश्शांत चुका शिरल्या. त्या हुडकण्यासाठी गावोगाव चावडी-वाचन करावे लागले आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचे आदेश काढावे लागले. कागदावर चूक असली तर ती एका दप्तरात राहते. यंत्रातील चूक मात्र पीककर्ज, पीकविमा, अनुदान अशा प्रत्येक ठिकाणी क्षणार्धात पोचते. शिवाय, यंत्र आपली चूक ज्या आत्मविश्वासाने सांगते, त्यापुढे सामान्य शेतकरी निरुत्तर होतो. ‘संगणकात असेच आहे’ हे वाक्य ‘साहेब रजेवर आहेत’ या जुन्या वाक्याचे नवे रूप ठरू नये.

याच उदाहरणात आणखी एक बोध आहे. हरकतीची पंधरा दिवसांची मुदत ही दिरंगाई नव्हे. ती न्यायाची सोय आहे. भावाभावांत वाद असेल, विधवा वारसाचे नाव गाळले गेले असेल, तर ते याच मुदतीत उघड होते आणि प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. तेथे माणसाने ऐकून घेऊन निर्णय द्यावा, अशीच कायद्याची अपेक्षा आहे. म्हणून पुनरावृत्तीचे काम आणि विवेकाचे काम यांतील सीमारेषा आधी आखली पाहिजे. नोटीस तयार करणे, मुदत मोजणे, स्मरणपत्र धाडणे हे यंत्राने करावे. हरकत खरी की खोटी हे माणसाने ठरवावे आणि त्याखाली स्वतःचे नाव लिहावे.

नोकऱ्यांचे काय?

कारकुनी पेशावर जगणाऱ्या आणि त्या पदांच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या हजारो तरुणांच्या मनात मात्र पहिला प्रश्न नोकरीचा येतो, आणि तो योग्यच आहे. हा प्रश्न नवा नाही. स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. आयुर्विमा महामंडळात आणि बँकांत संगणकाला झालेला विरोध अनेक वाचकांना आठवत असेल. बँकांत १९८३ साली कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला व पुढे टप्प्याटप्प्याने संगणक आले.

त्यानंतर काय घडले? विरोधकांनी वर्तविलेली सरसकट बेकारी ओढवली नाही. बँकांचा व्यवसाय वाढला, शाखा वाढल्या. पण समर्थकांनी सांगितले तितके सर्व गोडही झाले नाही. २००० ते २००१ या काळात सरकारी बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले आणि एकूण नोकरवर्गात लिपिकांचे प्रमाण घटत गेले. म्हणजे माणसे काढली गेली नाहीत. रिकाम्या झालेल्या खुर्च्या भरल्या गेल्या नाहीत. यांत्रिकीकरणाचा आघात नोकरीत असलेल्यावर क्वचितच होतो. तो दाराबाहेर उभ्या असलेल्या पुढच्या पिढीवर होतो. आणि दाराबाहेर उभे असलेल्यांची संघटना नसते.

म्हणून वाचलेल्या वेळाचा हिशेब जाहीरपणे मागितला पाहिजे. एका लिपिकाचे दिवसाचे दोन तास वाचले, तर ते कोणाच्या पदरात पडणार? पद कमी करून सरकारच्या तिजोरीत जाणार, की नागरिकाला लवकर आणि सौजन्याने सेवा मिळण्यात त्यांचा विनियोग होणार? तिसरीही शक्यता आहे आणि तीच अधिक संभवते. दिलेला वेळ भरून काढण्यासाठी काम फुगत जाते, असे पार्किन्सन यांनी १९५५ सालीच विनोदाने, पण अचूक सांगून ठेवले आहे. शाळांतील शिक्षकांचा अनुभव याहून वेगळा नाही. ‘सरल’, ‘यू-डायस प्लस’ अशा प्रणाल्या आल्या. तरी विद्यार्थ्यांची तीच माहिती पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या नमुन्यांत आणि ‘आजच, तातडीने’ मागविली जाते. माहिती गोळा करणे सोपे झाले, म्हणून मागणारे हात वाढले. यंत्राने वाचविलेला वेळ यंत्रानेच खाल्ला.

हत्यार कोणाच्या हाती?

लो-कोड साधनांत एक खरीखुरी नवी गोष्ट मात्र आहे आणि ती आशादायक आहे. आजवर संगणकप्रणाली मुंबई-पुण्यातील किंवा बंगलोरमधील तज्ज्ञ तयार करीत. काम करणाऱ्या कारकुनाला ती तयार अवस्थेत भेटे. त्याच्या अडचणी तिला ठाऊक नसत. आता काम जाणणारा माणूसच आपले हत्यार घडवू शकतो. पाथर्डीच्या एखाद्या विकास सोसायटीच्या सचिवाला किंवा संगमनेरच्या महाविद्यालयातील प्रवेश-लिपिकाला जे कळते, ते दूरच्या अभियंत्याला कळणार नाही. प्राथमिक शेती पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी केंद्र सरकारने २०२२ साली ६३ हजार संस्थांकरिता २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. देशाला सहकारी साखर कारखान्याचा पाठ देणाऱ्या प्रवरेच्या या जिल्ह्यात अशा योजनेचे यश यंत्रांच्या संख्येवर मोजून चालणार नाही. ती यंत्रे सचिवाच्या किती कामी आली, यावर ते मोजले पाहिजे.

यातील धोकाही याच गुणातून निघतो. एखाद्या हुशार लिपिकाने स्वतःच्या खात्यावर मांडणी उभारली आणि त्याची बदली झाली, तर मागे राहणाऱ्यांनी काय करावे? २००५ सालच्या राज्याच्या बदली व विलंब-प्रतिबंध कायद्यानुसार एका पदावरील सर्वसाधारण कालावधीच तीन वर्षांचा आहे. नागरिकांचे आधार क्रमांक, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले खाजगी खात्यांतून फिरू लागले, तर २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला अर्थ काय राहिला? आणि ज्या कंपनीचे साधन आपण वापरतो तिने उद्या भाडे दुप्पट केले, तर कचेरी तिची कूळ झालेली असेल.

यावर उपाय अवघड नाहीत. प्रत्येक स्वयंचलित मांडणी कार्यालयाच्या नावावर असावी, व्यक्तीच्या नव्हे. ती कशी चालते याचे टिपण मराठीत लिहून स्थायी आदेशांच्या संचिकेत ठेवावे. यंत्र बंद पडल्यास काम हाताने कसे करावयाचे, हे त्याच टिपणात असावे. प्रत्येक नकारापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि कारण असावे. आणि नवी मांडणी सुरू करण्यापूर्वी जुन्या किती नोंदवह्या, किती विवरणपत्रे बंद होणार हे आधी जाहीर व्हावे. एकही बंद होणार नसेल, तर ती मांडणी करूच नये.

कायद्यांची उणीव आपल्याकडे नाही. वर उल्लेखिलेल्या २००५ च्या कायद्यातच सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे म्हटले आहे. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी दफ्तर-दिरंगाईविरुद्ध आंदोलने केली, त्यांच्या मागण्यांत या तरतुदींनाही स्थान होते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने तर विलंबाबद्दल दंडही ठरविला. तरीही नस्ती थांबते, कारण ती कोठे थांबली हे नागरिकाला दिसत नसते. नव्या साधनांचा सर्वांत मोठा उपयोग येथे आहे. नस्ती कोणत्या टेबलावर, किती दिवस आहे हे ती सहज दाखवू शकतात. हे दृश्य केवळ साहेबांच्या पडद्यावर राहिले, तर ते कारकुनावरील पहाऱ्याचे साधन होईल. तेच अर्जदाराच्याही हाती दिले, आणि त्यात कारकुनाप्रमाणेच साहेबांच्या टेबलाचाही हिशेब असला, तर ते लोकशाहीचे साधन होईल. या दोहोंपैकी काय निवडावयाचे, हे कोणतेही यंत्र ठरविणार नाही.