आधी पाणी, मग दिवा

गावाला किती वीज द्यायची, असं नियोजनवाले विचारतात. घरातल्या बाईला युनिटांशी देणंघेणं नसतं. तिला शिजलेलं अन्न, दारात पाणी आणि संध्याकाळी उजेड हवा असतो. शास्त्रज्ञ अमूल्य रेड्डी यांनी हेच धरून ठेवलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये त्यांच्या पुढाकारानं 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट उभा राहिला. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचं छोटं गाव आहे. तिथं या गटानं कोण किती सरपण आणतं, पाण्याला किती वेळ जातो, याची घरोघरी मोजदाद केली. ऊर्जेचा मोठा वाटा चुलीत जात होता आणि सरपण वाहून आणण्याचा बराचसा भार बायकामुलांवर होता.

मग शेणापासून सामुदायिक गोबरगॅस. पण सगळ्या चुली पेटतील एवढं शेण गावात नव्हतं. म्हणून १९८७ च्या सुमारास तोच गॅस डिझेलच्या जोडीनं इंजिनात वापरून वीज केली. त्यावर पिण्याच्या पाण्याचा पंप चालला, घरांत दिवे लागले. शेण आणून देणाऱ्याला पैसे आणि उरलेली मळी खत म्हणून परत. हा व्यवहार मला यंत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण शेण आलं नाही तर सगळंच बंद.

चुलीचा प्रश्न मात्र सुटला नाही, आणि तिचा हिशेब दिव्यापेक्षा खरोखर वेगळा आहे. सात वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला तर महिन्याला जेमतेम एक युनिट लागतं. घरगुती सिलिंडरमधल्या गॅसमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. छोट्या सौर पॅनलवर दिवा लागतो, भाकरी भाजत नाही.