न वटलेला धनादेश आणि मुदतींचे भान

धनादेश न वटता परत आला की व्यापारी बहुधा प्रथम दूरध्वनी करतो. देणेकरी अनेकदा समाजातलाच, कधी नात्यातलाही असतो. तो ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणतो आणि संकोचापोटी नोटीस लांबणीवर पडते. कायद्याची मुदत मात्र कोणाच्या संकोचासाठी थांबत नाही.

व्यापाऱ्यांना निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट या नावाने परिचित असलेल्या १८८१ च्या कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीने कलम १३८ आले. धनादेश कायदेशीर देण्यापोटी दिलेला असावा आणि तीन महिन्यांच्या आत बँकेत भरलेला असावा. तो परत येताच गुन्हा पूर्ण होत नाही. बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस पाठवावी लागते. ती मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस असतात. तेवढ्यात रक्कम न आल्यास पुढील एका महिन्यात दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. तक्रारीला उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून तो माफ करून घेता येतो. नोटिशीच्या उशिराला तशी सवलत नाही. धनादेशाची मुदत शिल्लक असेल, तरच तो पुन्हा भरून नव्याने सुरुवात करता येते.

तक्रार आणि शपथपत्र पाहून दंडाधिकारी समन्स काढतात. गुन्हा जामीनपात्र आहे. आरोपीने गुन्हा नाकारल्यास न्यायालय त्याला धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्यास सांगू शकते. पुढे फिर्यादीचा पुरावा शपथपत्रावर, त्याची उलटतपासणी, आरोपीचा जबाब, बचावाचा पुरावा, युक्तिवाद आणि निकाल असा क्रम असतो. धनादेश देण्यापोटीच दिला, असे कायदा गृहीत धरतो. ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीची. तरीही बिले, माल पोचल्याच्या पावत्या, खातेउतारा, बँकेचा मेमो आणि नोटिशीची पोच जपून ठेवावी. उलटतपासणीत त्यांचाच आधार असतो. दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सहा महिन्यांत निकाल लागावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेक खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. म्हणूनच कलम १४७ महत्त्वाचे. त्यानुसार हा गुन्हा तडजोडयोग्य आहे आणि अपिलातही समेट होऊ शकतो. वेळेत नोटीस पाठवल्याने समेटाचे दार बंद होत नाही. उलट देणेकऱ्याला बोलणीस बसावे लागते.

खात्यात पैसे नाहीत हे ठाऊक असूनही धनादेश देणे अचौर्य अणुव्रताशी विसंगतच आहे. संवत्सरीला मनातील वैर सोडावे, हा आपला धर्म. मात्र वैर सोडणे म्हणजे न्याय्य येणे सोडणे नव्हे. नोटिशीची भाषा सौम्य, रकमेचा उल्लेख अचूक आणि तारीख वेळेतली असली, की धर्म आणि व्यवहार दोन्ही सांभाळले जातात.