गोठलेल्या हवेतली ऊब

बाहेर उणे १५ अंश, अंगणात बर्फ, आणि घर तापतंय ते त्याच गोठलेल्या हवेतल्या उष्णतेवर! नॉर्वेत हे अगदी रोजचं आहे. हे करणारं यंत्र म्हणजे हीट पंप.

शून्य अंशाला उष्णता संपत नाही. ती संपते उणे २७३च्या आसपास. म्हणजे उणे १५ची हवासुद्धा बरीच ‘गरम’च म्हणायची. तिच्याहूनही थंड द्रव नळ्यांतून फिरवला की तो हवेतली उष्णता शोषून घेतो आणि त्याची वाफ होते. काही पंपांत या कामी वापरलं जाणारं प्रोपेन तर उणे ४२ला उकळतं! मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, ती तापते आणि घरात येऊन उष्णता सोडते. आपला एसी उलटा चालवल्यासारखंच. तुमच्या फ्रिजची मागची बाजू गरम लागते ना, तेच तत्त्व.

मला सगळ्यात भावतो तो हिशोब. साध्या हीटरमध्ये १ युनिट विजेची १ युनिट उष्णता होते. हीट पंप सौम्य थंडीत ३-४ युनिट देतो, कारण इथे वीज मुख्यतः उष्णता तयार करत नाही, वाहून आणते. कडाक्याच्या थंडीत हा आकडा घसरतो. बाहेरच्या युनिटवर हिम साचतं, ते वितळवायला यंत्र अधूनमधून उलटं चालतं. त्या वेळी उठणारी वाफ पाहून धूर समजू नका.

नॉर्वेनं २०२० पासून इमारती तापवायला खनिज तेल जाळण्यावर बंदी घातली. तिथली वीज बहुतांश जलविद्युत, त्यामुळे ही ऊब खरोखर स्वच्छ.

परदेशात घर घेताय? आधी भिंती-खिडक्यांतली गळती बंद करा, पंप नंतर निवडा. मग लहान पंपही पुरतो.