न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न का विचारतात? पुण्यातल्या खटल्यातून समजून घ्या

जून १९८२. लग्नाला जेमतेम चार महिने झालेल्या एका विवाहितेचा पुण्यात विषाने मृत्यू झाला. पतीवर खुनाचा खटला चालला. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. पण १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली.

'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा तो निकाल. मृत्यू खुनामुळे की आत्महत्येमुळे, याबद्दल शंका उरली, हे सुटकेचं मुख्य कारण. पण न्यायालयाने आणखी एक गंभीर त्रुटी दाखवली. सरकारी पक्षाने मांडलेल्या १७ परिस्थितींपैकी १० आरोपीला विचारल्याच गेल्या नव्हत्या. त्यामुळे त्या विचारातच घेता येणार नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं.

हा नियम काय आहे?

सरकारी पक्षाचे साक्षीदार तपासून झाले की न्यायाधीश आरोपीशी थेट बोलतात: तुमच्याविरुद्ध अमुक पुरावा आला आहे, तुमचं म्हणणं काय? तेव्हा हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५१ आहे.

या वेळी आरोपीला शपथ दिली जात नाही. तो गप्प राहू शकतो. उत्तर खोटं निघालं तरी त्यासाठी वेगळी शिक्षा होत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको, हे संविधानाच्या कलम २०(३) मध्येच आहे. मात्र दिलेली उत्तरं न्यायालय विचारात घेऊ शकतं.

प्रश्न राहिला, तर आरोपी सुटतो?

आपोआप नाही. 'शिवाजी साहेबराव बोबडे' या महाराष्ट्रातल्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सांगितलं होतं, की त्या चुकीमुळे आरोपीचं खरंच नुकसान झालं का, हे पाहावं लागतं. वरचं न्यायालय ते स्पष्टीकरण नंतरही मागू शकतं.

याचा सामान्य माणसाशी काय संबंध?

उद्या मांजरीतल्या एखाद्यावर खोटा आळ आला आणि खटला उभा राहिला, तर पुरावे वकिली भाषेत मांडले जातील. त्यातला प्रत्येक मुद्दा त्याला समजेल अशा शब्दांत विचारला जायला हवा. तसंच आरोपी खरंच दोषी असेल, तर घाईत राहिलेला एक प्रश्न पीडित कुटुंबाची लढाईही कमकुवत करू शकतो.